‘कृपया लक्ष द्या’ यांची टाळू

आमच्या लॅबमध्ये माणसं येत नाहीत, त्यांची तोंडं येतात. दातांचे डॉक्टर ठसा घेतात, डब्यात घालून पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, आणि तासाभराने टेबलावर एक पांढरंशुभ्र तोंड तयार होतं, बाकीच्या माणसाशिवाय. त्यावर आम्ही कवळी करतो. कवळी डब्यातून परत जाते आणि तिकडे कोणीतरी हसतं. ते हसू आम्हाला कधी दिसत नाही. मामा म्हणतो तेच बरं, कारण कोणी रडलं तर तेही दिसत नाही.

लॅब मामाची. मी त्याची भाची आणि त्याचा संपूर्ण कर्मचारीवर्ग, त्यामुळे रागवायला त्याला दोन्ही बाजूंनी हक्क पोचतो.

मामाचा एक नियम कडक आहे. साच्यावर माणसाचं नाव लिहायचं नाही. फार वर्षांपूर्वी त्याने एकदा लिहिलं होतं, आणि विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने ते वाचलं, आणि तो त्या नावाचा होणारा व्याही निघाला. लग्न झालं, पण जेवणाच्या पंक्तीत सगळा वेळ नवरीकडचे लोक नवऱ्याच्या बापाच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हापासून आम्ही साच्याला टोपणनाव देतो आणि ते प्लास्टरच्या कडेवर पेन्सिलीने लिहितो. नंबर का नाही, असं मी विचारलं होतं. मामाला नंबर लक्षात राहत नाहीत. ‘घाईत जेवणारे’, ‘दोन दारं एक खिडकी’, ‘रागाने दात खाणाऱ्या काकू’ हे मात्र वर्षानुवर्षं राहतात.

“गुप्तता म्हणजे गुप्तता,” मामा म्हणतो आणि पेन्सिल कानामागे खोचतो.

त्या सोमवारी आलेल्या डब्यात डॉक्टरांची चिठ्ठी होती. ‘वरचे सर्व दात नाहीत. जुनी कवळी तुटली आहे, तात्पुरती चिकटवून दिली आहे. बाई बसस्थानकावर सूचना देतात. उच्चार सांभाळा.’ मामाने चिठ्ठी वाचली, साच्याच्या कडेवर लिहिलं ‘कृपया लक्ष द्या’, आणि निश्चिंत मनाने चहा प्यायला गेला.

मी साचा उजेडात धरला आणि गप्प झाले. मी आपणहून गप्प होण्याची ती वर्षातली दुसरी वेळ.

वरच्या दातांच्या मागे जीभ लावली की खडबडीत लागतं ना, ती टाळू. तिथे सगळ्यांनाच वळ्या असतात, तीन-चार, फिकट, कोणी घाईघाईत सही करावी तशा. या टाळूवर अकरा होत्या. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे फुटलेल्या, एक दुसरीसारखी नाही, आणि तरी सगळ्या मिळून कोणाचंतरी म्हणणं ऐकत असल्यासारख्या. पाणी ओसरल्यावर वाळूवर जे उरतं ते असं दिसतं. मी शेकडो टाळू पाहिल्या आहेत. प्लास्टरच्या एका तुकड्यापुढे उभं राहून आपण चपला काढायला हव्या होत्या असं याआधी कधी वाटलं नव्हतं.

म्हणून मी फोटो काढला. खिडकीतून तिरपा उजेड येत होता, एकेका वळीला सावली होती.

आता असा फोटो दाखवणार कोणाला? मैत्रिणींना टाळू पाठवली की त्या मला ब्लॉक करतात, अनुभव आहे. पण ऑनलाइन आमचा ‘कवळी कट्टा’ आहे. जगभरचे सहा हजार दात करणारे. दुपारच्या सुट्टीत एकमेकांची दाढ बघून वाहवा करणारी दुसरी माणसं कुठे मिळायची? कट्टा चालवतात त्या बाईंना सगळे अक्कलदाढ म्हणतात. निम्म्या कट्ट्याला त्यांनी हाताला धरून मेण वितळवायला शिकवलंय, उरलेला निम्मा त्यांना घाबरतो. त्यांचा चौथा नियम: रुग्णाचा चेहरा नको.

चेहरा नव्हताच. चेहऱ्याची आतली बाजू होती, आणि तिच्याबद्दल नियमात अक्षर नव्हतं. मी फोटो टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला: बघा.

बघितलं. संध्याकाळपर्यंत अडीच हजार बदाम आले. एकाने विचारलं, हे विमानातून काढलंय का. एकाने मोबाइलच्या पडद्यावर लावला. एका बाईने उशीच्या अभ्र्यावर छापून घेतला आणि त्या अभ्र्याचाही फोटो टाकला. बरेच जण “दिलं लक्ष” असं लिहीत होते. मला वाटलं, माझ्या ‘बघा’लाच दाद आहे. मी प्रत्येकाला हात जोडले.

मंगळवारी जेवताना मामाने स्वतःचा फोन माझ्या पोळीवर ठेवला.

दोन गल्ल्या पलीकडे आमचा एक स्पर्धक आहे. दोन दातांमध्ये पूल बसवतो आणि आपला पूल पक्का असं सगळ्यांना सांगत सुटतो, म्हणून त्याचं नाव पक्का पूल. त्याने माझ्या फोटोखाली लिहिलं होतं: “कोपऱ्यात पेन्सिलीने काय लिहिलंय ते वाचा. ही आपल्या स्टँडवरची बाई तर नव्हे? म्हणजे इतकी वर्षं आपण बोळक्याचं ऐकून बस पकडतोय की काय.” खाली नव्वद जण हसून गेले होते.

मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात, प्लास्टरच्या कडेवर, मामाचं वळणदार अक्षर.

“नाव लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं,” मी म्हणाले.

“अक्कल पाजळू नकोस. त्याचा मेहुणा डेपोत कामाला आहे.”

त्या डेपोची गोष्ट सगळ्या शहराला पाठ आहे. मॅनेजरने दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं यंत्र मागवलं. ते अजून खोक्यात आहे, कारण बाईंच्या बोलण्यात त्याला खोट सापडत नाही. शोधतो मात्र रोज. बिनदाताच्या बाईकडून सूचना देववता, लोक काय म्हणतील, एवढं म्हणायला मिळालं की तो खोकं उघडणार आणि बाई घरी.

मी फोटो कट्ट्यावरून लगेच काढून टाकला, खालचे शेरे तेवढे उरले. पण तो कितीजणांनी जपून ठेवलाय ते कट्ट्यावर दिसतं. दोनशे अकरा.

“मामा, डॉक्टरांकडून नंबर घेऊन फोन करू का त्यांना?”

“तिचं तोंड सहा हजार लोकांना दाखवलंस ना? मग तुझं एक तिला नेऊन दाखव.”

“तू चल की बरोबर. अक्षर तुझं आहे.”

मामाने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. “मी इथे लाजत बसतो,” तो म्हणाला. “दोघं गेलो तर लॅब कोण बघणार?”

बुधवारी दुपारी मी स्टँडवर गेले. सूचनांची खोली पार्सल ऑफिसच्या वर, लोखंडी जिन्याने चढून. तिन्ही बाजूंनी काचा आणि तिन्ही काचांना आतून पडदे. दारावर पाटी होती: ‘आत येऊ नये.’ तिच्याखाली दुसरी, छोटी: ‘आपणही.’

मी वाजवलं. दार उघडलं आणि मी नजर खाली आणली. एवढ्या आवाजाला किमान सहा फूट माणूस लागत असेल असा माझा हिशेब होता. बाई माझ्या खांद्याला लागत होत्या.

“मावशी, मी दातांच्या लॅबमधली.”

“कवळी झाली?” हा आवाज साधा होता. जरा अडखळता, जरा बोबडा. मला वाटलं चुकीच्या दाराशी आले.

“नाही. फोटो झाला.”

“कोणाचा?”

“तुमच्या टाळूचा. म्हणजे साच्याचा. मी टाकला, ग्रुपवर. तुम्हाला न विचारता. आणि कोपऱ्यात असं काही लिहिलेलं होतं की एकाने तुम्हाला ओळखलं.” वाटेत मी फार चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एवढंच उरलं.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“आत ये. दार लाव. सव्वातीनची आहे.”

खोलीत एक टेबल, एक माइक, एक खुर्ची, आणि पाणी भरलेली एक स्टीलची वाटी. बाई माइकशी गेल्या, माझ्याकडे पाठ केली, मग विचार बदलून परत वळल्या.

“तू तर सगळं बघितलंच आहेस,” म्हणाल्या, आणि वरची कवळी काढून वाटीत ठेवली.

गाल आत गेले. ओठ मिटून लहान झाले. दोन क्षणांत बाई वीस वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या. मग त्यांनी माइकचं बटण दाबलं.

“कृपया लक्ष द्या.”

तो आवाज. लहानपणापासून मी तो ऐकलाय, पण खालून. इथे तो माझ्यापासून दोन हातांवर तयार होत होता. सव्वातीनला सुटणारी, फलाट सात, थांबे इतके इतके. त, थ, द, ध, स, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. ही सगळी अक्षरं दातांवर म्हणायची असतात, हे मला पोटापाण्यासाठी माहीत आहे. त्या तोंडात वर एकही दात नव्हता.

मी पडद्याच्या फटीतून खाली पाहिलं. फलाट सातवरची माणसं उठत होती. पिशव्या उचलल्या गेल्या, झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं, चहावाल्याकडचे तिघे उरलेला चहा एका घोटात संपवून वळले. ड्रायव्हरने विडी विझवली. शंभर-सव्वाशे माणसं त्या मिटलेल्या छोट्या तोंडाच्या एका वाक्याने जागची हलली, आणि एकानेही मान वर करून पाहिलं नाही. कोणी बोललं असं त्यांना वाटलंच नव्हतं. वेळ झाली, एवढंच वाटलं होतं.

माझी जीभ माझ्याच टाळूला चिकटली होती.

बाईंनी कवळी परत बसवली. “ही घातली की वरचं सगळं झाकून जातं,” बोबडा आवाज म्हणाला. “जिभेला पत्ता सापडत नाही. दात गेले तेव्हा सहा महिने रजा घेतली. घरी भिंतीशी बोलत बसायचे. कुठलं अक्षर वर कुठे टेकवलं की नीट उमटतं, एकेक करून शोधून काढलं. अकरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्यालाही वाटतं, मी दात घालून बोलते.”

“म्हणून पडदे?”

“म्हणून पडदे. आत काहीतरी पायऱ्या असाव्यात असं वाटायचं मला. बघणार कसं? स्वतःच्या तोंडात वर कोण बघतं.”

मी फोन काढला. “बघायचंय?”

बाईंनी चष्मा लावला. फोन दोन्ही हातांत धरला, मग टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर वाकल्या. खाली कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं, एक बस मागे घेत होते, आणि बाई हलत नव्हत्या.

“हा त,” त्या म्हणाल्या. बोट पहिल्या वळीवर होतं. “हा द. ध याच्या जरा मागे, इथे. हा मला फार दिवस सापडत नव्हता.” बोट पुढे सरकत होतं, अंधारात रोज चढलेला जिना पहिल्यांदाच उजेडात बघावा तसं. “आणि स इथून जातो. या दोघींच्या मधून. बघ, वाट आहे.”

खरंच वाट होती. मी ती अडीच हजार बदाम मिळेपर्यंत बघितली होती आणि मला ती नुसती सुंदर वाटली होती.

बाईंनी चष्मा काढला. “हे मी बघायच्या आधी किती जणांनी बघितलं?”

“सहा हजार.”

“आणि मला विचारावं असं वाटलं नाही?”

“चेहरा नव्हता म्हणून…”

“चेहरा तर मी रोज बाहेर घेऊन फिरते गं. तो कोणीही बघावा.”

मी विनोद शोधला, सापडला नाही.

“ओळखणारा काय म्हणतो? वाच.”

“नको मावशी.”

“वाच म्हणते ना.”

मी वाचलं. बोळक्यापाशी आवाज बारीक केला. बाई म्हणाल्या, “बोळकं आहे खरं.” मग मी मेहुण्याचंही सांगितलं. त्यांनी खाली बघत वाटी जरा सरकवली.

“मॅनेजर मला म्हणाला होता, बाई, एकदाच सगळं बोलून द्या, आम्ही ठेवून घेतो. मी म्हटलं, बोलते. ठेवायला देत नाही. आणि तुम्ही लोकांनी टाळूच ठेवून घेतलीत.” त्यांनी मान वर केली. “हे सगळे एका वेळी कुठे भेटतात?”

“थेट बोलायची सोय आहे कट्ट्यावर. अक्कलदाढ महिन्यातून एकदा मेणावर बोलतात. सात जण येतात. एक मी.”

“लाव त्यांना.”

अक्कलदाढ यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते फार वाईट होतं. “चौथा नियम मीच लिहिला होता,” एवढंच म्हणाल्या, आणि दोन मिनिटांत कट्ट्यावर सूचना लागली: ‘चार वाजता. सगळ्यांनी. हातातलं काम खाली ठेवून.’

“मावशी, आवाज ऐकला की पक्क्या पुलाची खात्रीच होईल. आणि कोणी रेकॉर्ड केलं तर?”

“करतील किंवा नाही करतील. पण न मागता कोणी परत देत नाही, म्हणून मागते.”

चार वाजता चारशे बारा जण आले. मेणाच्या इतिहासात असं झालेलं नाही. पुढची बस चार नऊची होती. बाईंनी कवळी वाटीत ठेवली आणि माझा फोन माइकसारखा तोंडासमोर धरला.

“कृपया लक्ष द्या. सोमवारी दुपारी एक फोटो चुकून सुटला आहे. तो माझ्या टाळूचा आहे. मला दात नाहीत. मी या टाळूवर बोलते, आत्ताही बोलते आहे. फोटो काढताना मला विचारलेलं नव्हतं. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी तो काढून टाकावा. मोबाइलमधून, भिंतीवरून, उशीवरून. मी बोलते आहे तेही कोणी साठवू नये. मला ओळखणाऱ्यांनी माझ्याबद्दल बाहेर बोलू नये, यावर माझं काम आहे. ही सूचना मी दोनदा देईन, सवय आहे. कृपया लक्ष द्या.”

आणि पुन्हा पहिल्यापासून, एक अक्षर इकडचं तिकडे न होता.

मी फोनकडे बघत होते. आधी काहीच नाही. मग एकाने लिहिलं, “काढला.”

“काढला.”

“काढला. बायकोच्या फोनमधूनही.”

“अभ्रा कापतेय, दोन मिनिटं द्या.”

“काढला.” “काढला.” “मी हसलो होतो. ते हसू पण काढलं.” “इथे पहाट आहे, उठून काढला.”

ओळी खालून वर सरकत होत्या, एकामागोमाग, कुठकुठल्या गावांतून, कुठकुठल्या टेबलांवरून, हाताला प्लास्टर लागलेली माणसं उठून एकेक फोटो पुसत होती. मी सव्वातीनला खाली जे पाहिलं होतं तेच हे होतं, फक्त फलाट फार लांबवर पसरला होता. एकशे नव्वदपर्यंत मी मोजले. मग मला अक्षरं नीट दिसेनात, डोळ्यांत काहीतरी गेलं असावं, दोन्ही डोळ्यांत एकदम.

पक्का पूल शेवटी आला. तो लिहितोय, थांबतोय, परत लिहितोय, असं बराच वेळ दिसत राहिलं. मग उमटलं: “काढला. लिहिलेलंही काढलं. मेहुण्याला बोललो नव्हतो, बोलणार नाही. रोज सकाळी मी या आवाजाने घरातून निघतो. उशीर झाला नाही कधी.”

बाईंनी ते वाचलं, फोन मला परत दिला आणि घड्याळाकडे पाहिलं. “चला. चार नऊची.”

दाराशी मी थांबले. “मावशी, एक विचारू? कवळीच्या आतून, जिभेच्या बाजूला, तुमच्या या वळ्या मी तशाच्या तशा कोरल्या तर? साचा आहे माझ्याकडे. जिभेला पत्ता सापडेल.”

“दिसतील कोणाला?”

“कोणालाच नाही. जिभेला तेवढ्या.”

बाईंनी विचार केला. पूर्ण केला, घाई न करता. “कर,” म्हणाल्या.

त्याला नऊ दिवस लागले. कवळीचा टाळूवर बसणारा पत्रा कागदाइतका पातळ ठेवायचा आणि त्यावर अकरा वळ्या, उंचीसकट. मामा मागे उभा राहून श्वास रोखायचा आणि मग तो माझ्या मानेवर सोडायचा. दहाव्या दिवशी बाई स्वतः लॅबमध्ये आल्या. आमच्याकडे तोंडासकट आलेलं ते पहिलं माणूस. मामाने भांग पाडला होता आणि पेन्सिल कुठेतरी लपवली होती.

नव्या कवळीची परीक्षा साठ ते सत्तर मोजून घेतात, त्यात स भरपूर येतात. बाईंनी कवळी बसवली आणि सुरुवात केली. एकसष्ट, बासष्ट ठीक गेले. पासष्टला शिट्टी वाजली. मी कवळी मागितली, एका वळीची कड केसाइतकी घासली, परत दिली. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. बाई थांबल्या. जीभ आत फिरत होती, गालावरून कळत होतं. एकेक पायरी तपासत होती.

मग तोंडभर दात असलेल्या त्या बाई त्यांच्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, “कृपया लक्ष द्या.”

मामा उठला, त्याने डबा उचलला आणि दारापर्यंत गेला. तिथे त्याला आठवलं की आपल्याला कुठेही जायचं नाही.

जाताना बाईंनी साचा मागून घेतला. ओल्या फडक्याने कडेवरचं पेन्सिलचं अक्षर पुसलं, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. आम्ही साचे वर्षभर फळीवर ठेवतो, तसा नियम आहे. मामाने तो नियम त्या दिवसापुरता फळीवरच ठेवला. कट्ट्यावरचा चौथा नियम आता असा आहे: ‘माणसाचं काहीही, त्याला विचारल्याशिवाय नको. प्लास्टर म्हणजेही माणूसच.’

परवा पाच वीसच्या सुमाराला मी स्टँडवर होते. काम काही नव्हतं. वर पाहिलं तर तिन्ही काचांचे पडदे बाजूला सारलेले, आणि मध्ये बाई, माइकसमोर, उजेडात, सगळ्या दातांनिशी बोलताना. खाली माणसं पिशव्या उचलत होती. पलीकडे मॅनेजर कमरेवर हात ठेवून वर बघत होता, खोट शोधत होता.

माझा हात आपोआप खिशात गेला. फोन बाहेर आला, वर उचलला, आणि मी भुवया उंचावून विचारलं.

बाईंनी मला पाहिलं. फलाट तीन, थांबे इतके इतके, एक अक्षरही न अडखळता, त्यांनी मान हलवली. नाही.

मी फोन खिशात ठेवला आणि नुसती बघत उभी राहिले.